वांग, व्हर्निअर आणि सूनमुख

महाराजपूर, जबलपूर
१५ एप्रिल

ती. राजश्रीताईस,

धाकट्या विनताचा वाकून नमस्कार. (नुसताच वाकून. कपाळ टेकवत नाही, कारण कपाळाची साल निघून राहिली आहे आणि तिथे कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही असं बाटलीवर छापलंय.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून पाय हलवतेस ना, की तेल लावून नुसती बसतेस? आमच्याकडे हे खुशाल आहेत, अक्षत पुण्यात खुशाल आहे आणि मी जिवंत आहे. फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं वाटेल तुला. फोनवर मी काही बोलले की हे शेजारी बसून दुरुस्त्या सांगतात. आज ते फॅक्टरीत गेलेत, तेव्हा मन मोकळं करून घेते. ताई, माझ्या तोंडाचं पार वाटोळं झालं.

तुला माहीत आहे, गालांवरचं वांग मला अक्षतच्या वेळेपासून आहे. सत्तावीस वर्षं ते गालावर होतं, मी संसारात होते, आमचं एकमेकांशी काही म्हणणं नव्हतं. पण आठ मेला अक्षतचं लग्न आणि लग्नात सूनमुख. सासूनं सुनेला जवळ घ्यायचं, समोर आरसा धरायचा, आरशात तिचं मुख पाहायचं आणि तोंडात साखर घालायची, हे तुला सांगायला नको. आता तिचं मुख पाहायचं म्हणजे शेजारी माझंही दिसणारच, त्याला आरसा तरी काय करील. बरं, सून कोण, तर यशश्री. इंदूरची, गुणी, गोड बोलणारी, आणि त्वचारोगाची डॉक्टर. डोळ्यांची चालली असती. हाडांची तर फारच चालली असती (तुझ्या गुडघ्यांचंही भलं झालं असतं). पण आमच्या पोरानं शोधून शोधून चामडीची आणली. म्हणजे मी तिचं मुख पाहणार, त्याच क्षणी ती माझं तपासणार, आणि फोटोग्राफर दोन्ही टिपणार.

मग तिलाच विचार ना, असं तू म्हणशील. शेजारची मनीषाही हेच म्हणाली. पण होणाऱ्या सुनेपुढे सासूनं पहिल्याच खेपेला पेशंट म्हणून जाऊन बसायचं? उद्या मी तिला भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की ती मला जीभ दाखवा म्हणेल. म्हणून जानेवारीपासून व्हिडिओ कॉल आला की मी नेटवर्क खराब आहे म्हणते आणि फोन वर धरते. त्या पोरीनं चार महिन्यांत सासूपेक्षा आमचा पंखाच जास्त पाहिला असेल.

तर मी गुपचूप इलाज सुरू केला. मनीषानं मोबाइलवर पाहून नावं लिहून दिली. आधी व्हिटॅमिन सीचं सीरम आणलं. आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं, दीड महिन्यात चहासारखं झालं. मला वाटलं, मुरलं. (आपल्या घरात जे रंग धरतं ते मुरतं, हेच आपण शिकलो ना?) म्हणून मी ते जास्तच लावू लागले, आणि ते खराब झालं म्हणून फेकायचं असतं हे मला उशी पिवळी झाल्यावर कळलं. मग नियासिनामाइड, मग ग्लायकोलिक ॲसिड, मग रेटिनॉल. हे म्हणे एकेक करून, आठवड्यांच्या अंतरानं, मटारच्या दाण्याएवढं लावायचं. लग्न तोंडावर आलेलं, इतकी सवड कोणाला? मी सगळ्यांचे चार-चार थेंब वाटीत घेतले, डाळीच्या पिठात कालवले आणि दिवाळीच्या उटण्यासारखे चोळले. दहा मिनिटांनी असं झालं की मी बेसिनच्या नळाखाली तोंड धरून यांना हाका मारून राहिले आणि हे बाहेरून विचारून राहिले की वाटीतलं प्रमाण काय होतं.

इथून यांचा प्रवेश झाला, आणि माझा खरा सत्यानाश तिथून धर. एकतीस वर्षं हा माणूस फॅक्टरीच्या तपासणी विभागात आहे. तोफेचा सुटा भाग असो की बायकोचा गाल, मोजल्याशिवाय यांचा विश्वास बसत नाही. यांनी माझ्या डागांना नंबर दिले. डाव्या गालावर एक ते चार, उजव्यावर पाच ते सात. रजिस्टर घातलं. उजव्या गालाला काही लावायचं नाही, तो तुलनेसाठी, डाव्यावर प्रयोग. (त्यामुळे आता मी डावीकडून एक बाई दिसते आणि उजवीकडून दुसरी.) आणि दर रविवारी दुपारी बारा वाजता मला गच्चीवर खुर्चीत बसवून व्हर्निअर कॅलिपरनं प्रत्येक डागाची लांबी-रुंदी घेऊ लागले. गच्चीवर काहून, तर तिथे उजेड स्वच्छ आणि सावली पडत नाही. पाऊण पाऊण तास मी जबलपूरच्या उन्हाकडे तोंड करून बसायची, आणि हलले की हे पहिल्यापासून मोजायचे. दर रविवारी डाग मोठे भरायचे. तीन नंबर नऊ मिलिमीटरचा तेरा झाला. हे चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहायचे जसा मीच माल खराब पाठवलाय.

शेवटी मी यांना न सांगता घमापुरातल्या एका औषधवाल्याकडून बिनचिठ्ठीची ट्यूब आणली. ताई, ते आठ दिवस मी विसरणार नाही. चेहरा असा उजळला की भाजीवाला मला दीदी म्हणू लागला, एरवी अम्मा म्हणतो. नवव्या दिवशी ट्यूब संपली, आणि बाराव्या दिवशी सगळं व्याजासकट परत आलं, वर लाल पुरळ. त्या अवस्थेत मी ग्वारीघाटाला गेले, म्हटलं आता नर्मदामाईच बघेल. फुलंवाली बाई फुलांचा पानाचा दोना देता देता थांबली आणि कळवळून म्हणाली, “दीदी, कढ़ाई का तेल उड़ गया क्या?” आणि वर माझ्याकडून फुलांचे पैसे घेईना. मी पायरीवर बसून रडले गं. आणि रडले तर त्या खारट पाण्यानं गाल असे चरचरले की रडणंही अर्ध्यावर सोडावं लागलं.

मी हरले, ताई. चेहऱ्याची हौस या वयात काहून, असं मीच मला रोज बोलते, आणि रोज आरशापुढे जाऊन उभी राहते. एकुलत्या एका पोराचं लग्न, आणि मला त्यात फक्त माझे गाल दिसून राहिले आहेत, याची लाज वाटते ती वेगळीच. म्हणून ठरवलंय, सूनमुखाला मी बसणारच नाही. चक्कर आली म्हणून आत जाऊन पडेन.

यापेक्षा जास्त लिहवत नाही. तुझ्या गुडघ्यांना जप, आणि माझं हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझी,
पदराआड बसलेली
विनता

ता. क. : खरं काम राहिलंच. माझ्या जागी सूनमुखाला तू बस. तू अक्षतची मोठी मावशी, त्याला तीन वर्षांचा होईतो तूच सांभाळलं, आणि साठी उलटली तरी तुझ्या तोंडावर एक ठिपका नाही. नाही म्हणू नको.

ता. क. २ : तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. भाऊजींना जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि तू अक्षतला फोनवर सांगितलंस की लग्नाला येईन, पण आतल्या खोलीत बसेन, शुभकार्यात मी पुढे नको. पोरगा त्या दिवशी जेवला नाही. ते ऐकल्यापासून माझा जळफळाट होऊन राहिला आहे, आणि तो कुठल्याही ॲसिडचा नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फाडून लिहिते. मी यशश्रीला फोन केला, आणि पंख्याकडे नाही, तोंडाकडे धरला. मनात म्हटलं, मी हिला घाबरून आत जाऊन पडणार आणि तुला आत बसू नको म्हणून सांगणार, हे जमत नाही. पोरीनं दोन्ही गाल आळीपाळीनं उजेडाकडे वळवायला लावले. मग विचारलं, उन्हात कोण बसवतं? (हे फॅक्टरीतून येऊन मागे उभे होते, ते पाणी प्यायला गेले.) म्हणाली, काकू, सगळ्या बाटल्या बंद. साधं क्रीम आणि सनस्क्रीन, बाकी लग्नानंतर सावकाश बघू. आठ मेपर्यंत हे जात नाही, मी खोटं सांगणार नाही. मग मी तुझं सांगितलं. ती म्हणाली, मग दोघीही बसा ना, मी मधे बसते.

तर आता आमचा आरसा पुरत नाही. तो ताटलीएवढा, त्यात दोघी कशाबशा मावतात, तिघी नाही. तुझ्या लग्नातला तो शिसवी चौकटीचा मोठा आरसा तू भाऊजी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, तो लागेल. कुरियरनं पाठवू नको, फुटेल. गाडीत मांडीवर धरून तूच घेऊन ये.