गोजरच्या दारी संपलेलं गटार

प्रति,
मेहेरबान अंमलदारसाहेब,
गावगटार कर्ज कचेरी, शहापूर, जिल्हा ठाणे

अर्जदार: गोजर भ्रतार बारकू वेखंडे, वय तीस, धंदा शेती, राहणार वेहळेपाडा, किन्हवलीजवळ

विषय: गटाराच्या देखभालीच्या रकमेतून एक भिंत दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कचेरीची तीन उत्तरं. तिन्ही नकाराची.

मेहेरबान साहेब,

अर्जदार गोजर हिला लिहिता येत नाही, म्हणून तिचं म्हणणं तिच्याच पडवीत बसून उतरवलंय. कागदाला कुठं ओल दिसली तर ती पडवीची आहे, त्याबद्दल राग नसावा.

आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वेहळेपाड्यात एकच गल्ली, डोंगराकडून ओहळाकडं उतरणारी, आणि तिच्यावर अकरा घरं. सगळ्यात वर पंच महिपत, सगळ्यात खाली गोजर. ज्याच्या त्याच्या मोरीचं पाणी ज्याच्या त्याच्या परसात जायचं, त्यावर अळू माजायचं, केळी पोसायच्या, कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. मग गेल्या साली आपल्या कचेरीतले एक साहेब आले, देवळापुढं सतरंजीवर बसले आणि म्हणाले की सांडपाणी परसात मुरवणं हा मागासलेपणा आहे. सरकार नावापुरत्या व्याजानं कर्ज देतंय, तर सगळ्यांनी मिळून एक गटार बांधा. महिपत लगेच उठून म्हणाला, "एवढं स्वस्त कर्ज नाय घेतलं तर आपलंच नुकसान हाय!" झालं. अकरा आंगठे तिथल्या तिथं उमटले. त्यात गोजरचाही होता, कारण तिचा नवरा बारकू आटगावला लाकडाच्या वखारीत असतो, शनिवारीच घरी येतो.

आता काम कसं झालं ते. पाड्यात देवाच्या पालखीची वाट करायची असली की रीत ठरलेली आहे: ज्याचं दार, त्याचं काम. दुसऱ्याच्या दारात कुदळ घालणं म्हणजे त्याला आळशी म्हणणं. गटारही त्याच रीतीनं झालं. मधल्या घरातल्या चिमीनं उंबऱ्याला धक्का नको म्हणून वीतभर खणलं. महिपतनं हातभर खणून घडीव दगड बसवले. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं की आपल्या दारी पाणी थांबू नये, आणि खरंच साहेब, दहा दारांत थेंब थांबत नाही. गोजरला महिपत म्हणाला, "तू शेवटची हायस गो, तू खोल खण, म्हंजे पाणी जोरात सुटंल." बिचारीनं कंबरभर खणलं! तिथून ओहळ बत्तीस हात. त्या बत्तीस हातांत कुणाचंच दार नाही, म्हणून तिथं कुणीच खणलं नाही. आणि कुणाला काही चुकलंसं वाटलंही नाही, कारण रीत तर तंतोतंत पाळली होती.

तेव्हापासून अकरा घरांची अंघोळ, भांडी, धुणं आणि महिपतच्या दोन म्हशी, हे सगळं गोजरच्या दारी येतं आणि मुक्कामाला राहतं. आधी खड्डा भरला, मग अंगण गेलं, मग पाणी भिंतीला लागलं. भिंत कुडाची. खालून गुडघाभर विरघळली आणि आता आत कललीय. बारकू शनिवारी येतो, एक वासा टेकू म्हणून लावतो, सोमवारी पहाटे निघून जातो. असे पाच वासे झाले. भिंतीला लागूनच त्याच्या आईची, धोंडूबाईची, बाज आहे. कंबर मोडल्यापासून ती उठत नाही, आणि पलीकडं चूल नि कणगी असल्यानं बाज हलवायला जागा नाही. धोंडूबाई म्हणते, "गोजर, भिंतीला टेकू लावण्यापरीस माझ्या बाजंला वल्ही लाव." ती हसते, पण गोजरला रात्रंदिवस एकच धास्ती आहे, की भिंत बसली तर म्हातारीवर बसणार. मृगाला अठरा दिवस राहिलेत.

गटार ओहळापर्यंत पुरं करावं, या पहिल्या अर्जावर तपासणीला मुरबाडकडून एक कारकून आले. गाडीतून न उतरता त्यांनी दारं मोजली. अकरा दारं, अकरा तुकडे, काम पुरं. पुऱ्या झालेल्या कामाला आणखी कर्ज देता येत नाही, असं उत्तर आलं.

दुसरा अर्ज केला की मग बत्तीस हात नवं काम म्हणून धरा. उत्तर आलं, नव्या कामाला अकराही जणांची संमती हवी. गोजर दारोदार हिंडली. चिमी म्हणाली, "अगो, माझ्या दारात पाणी नाय, मंग मी आंगठा कशाला देऊ? मला काय हौस हाय?" महिपत तर चिडलाच. म्हणाला, "पाणी फुडं जातंय ना? गटार म्हंजे आणखी काय असतं?" फक्त शेजारणीनं, सकुबाईनं, आंगठा दिला, तोही आधी नवऱ्याला विचारून आणि मग त्याच्या नकळत.

तेव्हा गोजर स्वतःच कुदळ घेऊन गेली. चार हात खणलं असेल नसेल, तोच चौकीदारानं अडवलं, की हे सरकारी गायरान आहे. तिसऱ्या अर्जात परवानगी मागितली. उत्तर आलं, गायरानात खणायची परवानगी फक्त कर्जमंजूर गटाराला मिळते. त्याच कागदात खाली असंही आहे की हप्ता लाभाप्रमाणे बसतो, आणि सगळ्यात जास्त पाणी अर्जदारणीच्या दारी असल्यानं तिनं तीन वाटे भरावेत. पाड्यात सगळ्यात जास्त गटार तिलाच मिळालंय, हे तिला त्या दिवशी कळलं.

पण साहेब, त्याच कागदात शेवटी एक ओळ आहे, आणि ती चारदा वाचून खात्री केलीय. घराच्या भिंतींशी कचेरीचा संबंध नाही, मात्र गटाराचा तळ आणि काठ यांच्या दुरुस्तीला रक्कम राखून ठेवलेली आहे, आणि ती खर्चायला कुणाच्याही संमतीची गरज नाही.

तर अर्जदारणीचं म्हणणं एवढंच. पाणी जिथवर उभं राहतं तिथवर गटार. ते आज तिच्या भिंतीपर्यंत उभं आहे. म्हणजे तिचं अंगण हा गटाराचा तळ आणि भिंत हा उजवा काठ. तशी नोंद करून काठ लवकर बांधून द्यावा, दगडी असला तर बरं. कारकूनसाहेबांचं 'काम पुरं' त्यामुळं खोटं पडत नाही. घर गटारात धरल्यावर गोजरचं दार पाड्याच्या मोजणीतून गेलं तरी तिची तक्रार नाही. मग तिला लाभही नाही आणि तीन वाटेही नाहीत.

नोंदीला वेळ लागणार हे ती जाणते. तोवर ती आणि तिची सासू गटारातच राहतील. तपासणीला याल तेव्हा एवढी कृपा करावी, की काठीनं काठ ठोकून पाहू नये. आत म्हातारी निजलेली असते.

आपल्या कागदांत अकरावी,
गोजर बारकू वेखंडे हिचा डाव्या हाताचा आंगठा
तारीख २० मे १९३९

सोबत: कचेरीची तिन्ही उत्तरं, सकुबाईचा आंगठा (तिच्या नवऱ्याला दाखवू नये), उजव्या काठाची माती, एक पुडी.