मॅडमचं काय अडतंय

फुजैरा, यूएई
ता. १२ सप्टेंबर २०२५

चि. छाया,

तुझ्या डोक्यावरून हात फिरवते. आम्ही इकडे ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? इथे अजून ऊन असं, की गार पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी येतं.

आनंदाची बातमी, आपल्या काव्याला नोकरी लागली! असिस्टंट म्हणून. बंदरातल्या जहाजांना भाजीपाला, पाणी, साबण पोचवणारं ऑफिस आहे, मालकीण खैरुन्निसाबाई, हैदराबादच्या. विलास म्हणाला होता, दसऱ्यापर्यंत लागली नाही तर पोरीला पुण्याला पाठवतो, पुढचं शिकू दे. मला तर पोरगी इथेच हवी होती. आधी दोन ठिकाणी नाही म्हणाले होते.

सोमवारी म्हणाली, "आजी, तू मॅडम हो, माझी प्रॅक्टिस घे." मी बसले सोफ्यावर पदर नीट करून. हिने इंग्लिशमध्ये जे सुरू केलं ते थांबेचना.

"अगं बये, तुला काय काय येतं तेच सांगत बसलीस. मॅडमला माणूस हवंय म्हणजे तिचं काहीतरी अडलंय ना? ते विचार की!"

"ओके. मॅडम, तुमचं काय अडतंय?"

मी खोटीखोटी मॅडम. काहीतरी सांगायचं, तर तोंडातून निघून गेलं, "मला दुधाची नि लबनची बाटली ओळखू येत नाही." लबन म्हणजे इथलं ताक गं, बाटल्या सारख्याच. म्हणून चहा फाटतो, नि मी दुधाला नावं ठेवते.

"व्हॉट? आजी, सिन्स व्हेन?"

"मॅडमशी असं बोलतात का?" म्हणत मी उठलेच.

मंगळवारी मुलाखत. शेवटी बाईंनी विचारलं, तुला काही विचारायचंय? आमची म्हणाली, "मॅडम, आपका काम कहाँ अटकता है?"

बाईंनी पेनच खाली ठेवलं म्हणे. "बेटा, माल कम पड गया तो मुझे कोई नहीं बताता. जहाज निकलने लगता है तब पता चलता है. मुझे वो लडकी चाहिए जो बुरी खबर पहले बताए."

"तो पहली बुरी खबर, मॅडम. मेरे पास लायसन्स नहीं है." जाहिरातीत गाडी चालवणारी हवी असं होतं ना!

बाई हसायलाच लागल्या. "यल्ला, चलो, सोमवार से आ जा. गाडी सीख लेना."

घरी नाचतच आली. पेढे नव्हते, खजूर वाटले. माझ्या तोंडात खजूर, नि ही विलासला म्हणते, "बाबा, नाऊ द बॅड न्यूज. आजीला नीट दिसत नाही." बघ, नोकरी अजून सुरूसुद्धा नाही झाली! विलास नुसता माझा हात धरून बसला.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत; हे पत्रसुद्धा अंदाजानेच लिहितेय. मे महिन्यात गर्दीचं निमित्त सांगून तिकडे यायचं तिकीट काढू दिलं नाही, तेव्हाही हेच. विमानतळावरच्या पाट्या वाचता आल्या नसत्या गं. आता एका डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी, दुसऱ्याचं नंतर. तेव्हा छाया, या दिवाळीलाही मी येत नाही.

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. त्या बाईंनी मला काही कामावर ठेवलं नसतं.

रागावलीस तर फोनवर रागाव. ऐकू मला चांगलं येतं.

तुझी,
अक्का