पोतारलेली भिंत

माय, मी आता तुझ्या वयापेक्षाही म्हातारी झाले आहे, त्यामुळे तुला दोन शब्द सुनावायचा हक्क मला मिळाला असं धरून लिहिते. साहेब येणार म्हणून घर पोतारणारी बाई अख्ख्या चांदा जिल्ह्यात तू एकटीच असशील.

त्या वर्षी सावली गावाकडे जाणारी सडक ठेकेदाराने हातभर उंच केली आणि उरलेला मुरूम, गिट्टी आपल्या दारासमोरच्या नालीत लोटून दिली. तू त्याच्या मुकादमाला विचारलंस, "भाऊ, आता पाणी कुठून जाईन?" तो हसून म्हणाला, "जाईन कुठूनबी." ते आपल्या घरातून गेलं. मी शाळेतून येते तर तू कमरेएवढ्या पाण्यात धान भरलेल्या बांबूच्या ढोलीला पाठ लावून उभी आहेस आणि मागची भिंत बसली आहे. ढोली तू वाचवलीस, पण आतलं धान भिजलंच, चार दिवसांत मोड आले. बा दोन वर्षांपूर्वीच गेलेला, नवं धान यायला अजून तीन महिने. गुरुजींनी मजकूर सांगितला आणि मी अर्ज लिहिला, की सडकेची नाली बुजल्याने घर पडले, तरी भरपाई मिळावी. खाली अंगठा तुझा. भिंत परत उभी राहील आणि पोटाला दाणा मिळेल, एवढंच आपलं मागणं होतं.

कोतवाल सांगून गेला की ओव्हरसियर साहेब गुरुवारी नुकसान पाहायला येणार. झालं! तू पदर खोचलास. "साहेब येऊन राह्यला, अन् घर का उकिरड्यावानी ठेवाचं?" पडल्या जागी बांबूच्या ताट्या लावून वरून चिखल लिंपलास, त्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा दिलास, अंगण सारवलंस. वास मारणारं धान गावाबाहेर नेऊन पुरलंस. शेजारणीकडून कपबशी मागून आणलीस. मीही तुझ्यासोबत माती कालवत होते, मला तरी कुठे अक्कल होती?

साहेब आला, खाटेवर बसला, इकडेतिकडे पाहू लागला. "बाई, घर तर चांगलं आहे. नुकसान कुठं झालं?"

आणि तू, पाहुण्यापुढे रडगाणं गाऊ नये म्हणणारी तू, हात जोडून म्हणालीस, "आता बरं हाये साहेब. तुमी आले, लय झालं. चाय घ्या."

त्याने चहा घेतला, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि सायकल काढली. तो नजरेआड झाल्यावर तुला कळलं. इतकी पांढरीफटक तू मला कधी दिसली नव्हतीस. "अवं, जाय पयत! सांग त्याले, भिंत माह्या मायनं लिपली मनून. पाणी कमरेवरी होतं मनून सांग!"

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आपण सहा पावसाळे थांबलो. नाली कुणी उपसली नाही. तू फावडं घेऊन गेलीस तर सडकेला हात लावायचा नाही म्हणून तुलाच दटावलं. दर पावसाळ्यात ताट्या वाहून जायच्या, दर दिवाळीला तू नव्या लावायचीस. मधे आपला जिल्हाही दुसऱ्या राज्यात गेला, कचेरीतला बाबू म्हणाला, जुने कागद कुठे गेले देव जाणे. शेवटी घर सोडून आपण नागभीडला मामाच्या पडवीत आलो, आणि तू तिथेच गेलीस. तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, "माह्या पोरीनं साहेबाले तोंडी सांगितलं हाये. आज ना उद्या येईनच." मला फार राग यायचा तुझा. तुझा म्हणजे, माझाच.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही, म्हणून तरी लिहून टाकते. मी पळत गेले होते, माय. वळणावर साहेब सायकलची चेन बसवत होता. त्याने वर पाहून विचारलं, "काय गं?" मी पांढऱ्या मातीचे हात पाठीमागे लपवले. "काई नाई," म्हणाले, आणि तशीच माघारी फिरले.

तू दारातच उभी होतीस. मी म्हटलं, सांगितलं.