नलिनीच्या मशीनची आणि चारकोपच्या घराची व्यवस्था

आधी हिशेब. नलिनीच्या श्वासाच्या मशीनचं बिल अठ्ठेचाळीस हजारांचं. तिच्या अर्धांगवायूच्या इलाजात बँक आधीच रिकामी झाली होती, म्हणून मी माझं कॉइल भरायचं मशीन विकलं. ते गेलं म्हणून गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं म्हणून भाडं थकलं, आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा सोडावा लागला. तेव्हा या मशीनची खरी किंमत 'एक चालता धंदा' अशी लिहावी. सौदा वाईट झाला असं मी अजूनही म्हणत नाही.

मी, धाकू भिवा घाडी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटर वाइंडिंग, आता बंद, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. कोणी भाग पाडलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोट ठिकाणावर नाही, आणि मी दिवाळी बघेन असं त्याच डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. मी सांगतो आहे आणि आमच्या वरच्या मजल्यावरची वकील संघमित्रा साळवे लिहून घेते आहे. तिने मधूनमधून "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही" असं म्हटलं, तरी ते बसवावं अशी माझी तिला सूचना आहे.

कलम १. माझ्याविषयी. माझे वडील गिरणीत पगाराच्या खिडकीवर अंगठा उठवायचे. मी सातवीनंतर गावाहून आलो, पंख्याच्या मोटरी उघडायला शिकलो, आणि स्वतःच्या नावाची पाटी लावली. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगायचो. केसासारखी बारीक तांब्याची तार या बोटांनी भरली, तुटू दिली नाही. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी. बँक असो, म्हाडा असो, जन्मात कुठल्या कागदावर अंगठा उठवलेला नाही. एवढी बढाई मारून पुढे जातो.

कलम २. मशीन. माझी पत्नी नलिनी हिचा श्वास झोपेत थांबतो. पहिला झटका तिला झोपेतच आला आणि उजवी बाजू गेली. दुसरा आला तर ती उठणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. म्हणून हे मशीन. ते नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये हवा सोडतं आणि गळा मिटू देत नाही. मशीन तिच्या नावे करतो. त्याच्यासोबत जे काम येतं ते कोणाच्या नावे करावं, हे या कागदाचं खरं दुखणं आहे. काम असं.

रोज सकाळी मास्कची रबरी गादी बाळाच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावी. चेहऱ्याचं तेल राहिलं की मास्क सरकतो, हवा बाजूने जाते आणि बारीक शिट्टी वाजते. ती मला ऐकू येते, घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. पाण्याच्या डबीतलं उरलेलं पाणी ओतून टाकावं, डबी वाळू द्यावी, आणि भरताना डिस्टिल्ड वॉटरच भरावं. माझा मुलगा राजेश म्हणतो, "पप्पा, फिल्टरचं पाणी चालतं ना, सगळे तेच टाकतात." त्या पाण्याने तळाला धरलेला पांढरा थर मी व्हिनेगरने काढला आहे. नळी आठवड्याला धुवावी आणि सावलीत टांगावी, उन्हात ती कडक होऊन चिरते. गॅलरीत टांगू नये, तिथे कबुतरं. मागचा फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा असं पुस्तकात लिहिलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याच्या बाजूची बिल्डिंग पाडायला घेतलेली नसावी. आमचा तिसऱ्या दिवशी काळा होतो. ओला फिल्टर बसवू नये. हे सगळं दोन हातांचं काम आहे आणि नलिनीचा एकच हात चालतो.

कलम ३. राजेश. मुलगा वाईट नाही. मानखुर्दला गोदामात नोकरी करतो, परत येतो तेव्हा उभ्यानेच जेवतो आणि आडवा होतो. मला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मशीनचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. परत आलो तर डबीत बुळबुळीत थर, मास्कला वास, आणि नलिनीला ताप, छातीत घरघर.

मी विचारलं, "मशीन कोणी धुतलं नाही काय?"

"रोज धुतल्यान हो त्येना," नलिनी म्हणाली, आणि पुढचं तिला खोकल्याने बोलू दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी डोळे मिटून पडलो होतो. घरच्यांना वाटतं, औषधांनी माझे कानही झोपतात. स्वयंपाकघरात राजेश म्हणाला, "आई, आज पण राहिलं गं. पप्पा चेक करतील, माझी वाट लागेल."

"रवांदे रे झिला," नलिनी म्हणाली. "त्येंका सांग, धुतलंय म्हणान. आदी चाय पी."

सून ऋतिका म्हणाली, "मी धुऊ का आई?"

"तुका ऑफिसाक उशीर होतलो. जा गो."

मी डोळे उघडले नाहीत. आयुष्यभर आवाजावरून बिघाड सांगत आलो. हा बिघाडही ऐकताक्षणी कळला. उघडून दुरुस्त करायला त्याला स्क्रू नाही.

कलम ४. घर. चारकोपचं घर राजेशला द्यायचं, पण आईचं मशीन रोज धुतलं तरच, अशी अट माझ्या मनात होती. मी संघमित्राला म्हटलं, "कडक भाषेत लिही."

"लिहिते काका. पण अट पाळली की मोडली हे कोर्टात सांगणार कोण?"

"नलिनी."

"आणि काकू काय सांगतील?"

तिने पेन खाली ठेवलं. अंगात ताप असताना मुलासाठी खोटं बोलणारी बाई, त्याचं घर जातंय म्हटल्यावर खरं बोलेल? न धुतलेला मास्क उशीखाली ठेवील आणि सांगेल, झकास झोप लागली. म्हणून अट काढून टाकली. घर हयातभर नलिनीचं, तिच्यामागे राजेशचं. यापलीकडे कोणाला बांधून ठेवणं मला जमलेलं नाही.

पगार देऊन माणूस ठेवा, असं वाचणारा म्हणेल. ठेवला होता. भांडी घासणाऱ्या सुंदराबाईंना मी सगळं शिकवलं. नलिनीने त्यांना दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. "घरात झिल-सून आसताना बाई कित्याक? लोक काय म्हणतले?"

मी ओरडलो, "लोक तुझो श्वास घेतत काय गो?"

ती हसली. त्या अर्ध्या चेहऱ्याने ती हसते तेव्हा मला पुढे बोलता येत नाही.

कलम ५. गाळ्याच्या अनामतीतून थकलेलं भाडं वजा जाऊन उरलेली पोस्टातली ठेव नलिनीची. तीतून आधी फिल्टर, डिस्टिल्ड वॉटर आणि नवा मास्क, मग उरेल त्यात बाकीचं. "जुनो चालता" असं ती म्हणेल. ऐकू नये.

कलम ६. सर्व हत्यारं, तारेचं गेज आणि कानाला लावायचा स्क्रूड्रायव्हर धम्मपालला. तो माझ्याकडे शिकला आणि आता विक्रोळीत स्वतःचं दुकान चालवतो. मशीन धुशील का, असं मी त्याला विचारलं नाही. तो हो म्हणाला असता, आणि विक्रोळीहून रोज सकाळी येणं कोणाच्यानेही होत नाही.

कलम ७. खालच्या मजल्यावरचे दादू रोज गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतात आणि त्याला धर्म म्हणतात. माझे काळे पडलेले फिल्टर मी एका डब्यात साठवले आहेत, पिसांसकट. तो डबा दादूंना द्यावा. पोच घ्यावी.

कलम ८. माझ्या तेराव्याला जेवण घालू नये. त्या पैशातही मास्क येतो.

कलम ९. नलिनीस. हे तुला वाचून दाखवतील तेव्हा तू "होय, होय" म्हणत मान हलवशील. तुझ्या त्या "होय, होय"चा आवाज मला चांगला ओळखता येतो, म्हणून आणखी काही मागत नाही. राजेशला पाठीशी घालायचं ते घाल. पण मास्क लाव, मळका असला तरी लाव. तो धुतला जाईल अशी आशा मी सोडली आहे. तू तो लावशील ही आशा सोडवत नाही, आणि तिला आधार काहीच नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि बदलायला वेळ उरेल असं वाटत नाही.

ठिकाण: चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई
तारीख: २२ ऑगस्ट २०२५

वरील मजकूर धाकू भिवा घाडी यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून दोन ठिकाणी दुरुस्त करवला आणि आमच्यासमोर कबूल केला. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. दशरथ महादेव तोरसकर, शेजारच्या गाळ्याचे मालक (सही)
२. ॲड. संघमित्रा रतन साळवे (सही)

मृत्युपत्र करणार: धाकू भिवा घाडी. उजव्या हाताच्या बोटांत पेन धरवत नसल्याने सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.