सहाजणींच्या नावे खारबावचे घर

मी, जानकीबाई दत्तू रणपिसे, वय वर्षे अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स, आता निवृत्त, राहणार खारबाव, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, माझे डोके ठिकाणावर असताना, कोणी पढवलेले नसताना आणि हात अजून चालत असताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉ. सिराज फकी यांनी केली आहे. त्यांनी विचारले, "जानकीबाई, आज कौनसा दिन है?" मी म्हटले, "रविवार. पण तुम्ही रविवारी दवाखाना का उघडता?" ते हसले आणि दाखल्यावर सही केली.

१. माझे यजमान दत्तू हे धामणकर नाक्याजवळच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करीत. त्यांच्या हत्यारांची पेटी शेजारच्या काळूरामला द्यावी. तो त्यांच्या हाताखाली शिकला आणि अजून त्यांना 'उस्ताद' म्हणतो. पेटीचे कुलूप गंजले आहे. तोडले तरी चालेल.

२. लोखंडी कपाट, त्यातली लुगडी आणि गळ्यातली साखळी माझ्या बहिणीची मुलगी काशी हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिलाच का, ते शेवटी लिहिते.

३. खारबावचे दोन खोल्यांचे घर, अंगण आणि मागची विहीर मी सहा मुलींना समान वाट्याने देते. १९८६ साली आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या या मुली: बकुळा कोंडू, कलावती जानू, मीरा नवशा, कमळा धर्मा, शेवंती बाळू आणि सुगंधा लहानू. सगळ्या आता वीस ओलांडलेल्या आहेत. त्यांनी घर विकावे, वाटून घ्यावे किंवा त्यात राहावे. अट कोणतीही नाही.

नात्यातले लोक विचारतील की परक्या पोरींना घर का? त्याचे कारण कागदावर असलेले बरे, म्हणून लिहिते.

दर शनिवारी मी वसतिगृहात मुलांची तब्येत बघायला जात असे. वजन, डोळे, केसांतल्या उवा. या सहाजणींपैकी एकीचे पोट वारंवार दुखे. ताप नसे, जीभ स्वच्छ असे, आणि दुपारी पोरगी पोटभर जेवे. असे का, हे मला कळेना, आणि कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिला बाहेर पायरीवर घेऊन बसले.

"आत्ता दुखतंय का?"

"न्हाय."

"मग कधी दुखतं?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. मग म्हणाली, "पाळकसाहेब पाठांतराला वर त्यांच्या खोलीत बोलवतात तवा."

"वर आणखी कोण असतं?"

"कोन न्हाय. मी एकटीच."

मी आणखी काही विचारले नाही. पुढचे तिने तिच्या मनाने सांगितले. काय ते इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे. मी तिला एवढेच म्हटले, "तुझं काही चुकलं नाही. पण हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. ज्यांनी थांबवायचं, त्यांना सांगणार."

ती घाबरून म्हणाली, "मना घरी धाडतील? मंग माजी शाला?"

इतके दिवस पोरगी गप्प का होती, ते मला त्या वाक्यात कळले. पाळकांची भीती होतीच. पण पाळकांविरुद्ध बोलले की शाळा सुटेल, जेवण सुटेल, ही भीती त्याहून मोठी होती. आम्हीच त्यांच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्या होत्या.

पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू, रेव्हरंड हिरामण. आवाज गोड, प्रार्थना अशी की डोळ्यांत पाणी यावे. माझ्या यजमानांच्या मातीला त्यांनीच उपासना घेतली होती. तरीही मी त्याच संध्याकाळी मंडळीच्या पंचकमिटीचे सचिव केसरीनाथ यांच्या घरी गेले आणि मुलीचे नाव न घेता सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. बाई मी एकटीच. केसरीनाथ म्हणाले, "बाई, गवगवा नको. मंडळीची अब्रू जाईल. साहेबांची बदली करून घेऊ."

"कुठे?"

"नाशिककडच्या मिशन स्टेशनला. तिकडचं वसतिगृह मोठं आहे."

"तिथे मुलं नाहीत का?"

मग एकजण क्षमेविषयी बोलू लागला. मी म्हटले, "क्षमा तिने करायची की नाही, ते तिचं ती बघेल. आपल्याला काय करायचं ते बोला." सभा प्रार्थना करून संपली. बदली झाली. हार घालून निरोप दिला.

मुलीच्या आईला मी गावी जाऊन भेटले. पोलिसांत जायचे असेल तर मी बरोबर आहे, असे सांगितले. ती माउली भाताची खाचरे बघत उभी राहिली. म्हणाली, "बाय, माजी पोर चारचौघांत उबी करनार न्हाय मी. तिची शाला तेवडी ऱ्हाऊ दे." मी तिच्यावर जोर केला नाही. शाळा राहिली, एवढे मी बघितले.

पण तिकडच्या मुलांचे काय, हा प्रश्न मला सोडीना. म्हणून मी एस.टी.ने त्या नाशिककडच्या वसतिगृहात गेले. तिथल्या मेट्रनला सगळे आक्का म्हणत. दांडगी, कमी बोलणारी बाई. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पुरावा?"

"नाही. कुठलीही मुलगी एकटी वर जाऊ देऊ नका, एवढंच सांगायला आले."

आक्का उठली आणि मी असतानाच पाठांतराचा वर्ग ओसरीवर आणवला. मग तिने एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायला सुरुवात केली. "तुला काय आवडतं? काय आवडत नाही? कुणाजवळ जायला नको वाटतं?" इतके साधे प्रश्न. आमच्या मंडळीत ते कोणी कधी मुलांना विचारले नव्हते. वर्षभरात तिथल्या एका मुलीने तोंड उघडले. तिचा बाप सरळ पोलिसांत गेला.

इकडे बातमी आली तेव्हा आमच्या वसतिगृहातली ती मुलगी तेरा वर्षांची झाली होती. ती आपणहून माझ्याकडे आली. "बाई, ती एकलीच हाय का तिकडं? मंग मी पन सांगते." आईने आधी नको म्हटले, मग तीच पोरीला घेऊन निघाली. न्यायाधीशांनी लोकांना बाहेर काढून तिचे म्हणणे ऐकले. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन मुलींचे बोलणे जुळले. रेव्हरंड हिरामण यांना शिक्षा झाली, पाळकपद गेले. त्या दिवशी मला आनंद होईल असे वाटले होते. झाला नाही. घरी येऊन मी दिवसाउजेडी झोपले.

आता मुद्दा. सहाजणींपैकी ती कोण, हे कोणीही शोधू नये. घर एकीला दिले असते तर बोटे तिच्याकडे वळली असती, म्हणून सहाजणींना दिले. माझ्यासारखी चौकस माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि ती हिशेब जुळवतील, हे मी जाणते. त्यांना हात जोडून सांगते, ही चौकशी कुणाच्या कामाची नाही.

४. केसरीनाथ यांना मी काही देत नाही. बदलीनंतर बरीच वर्षे चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नसे, नाताळात माझ्याकडे करंज्यांचे ताट येत नसे, हे मी विसरलेले नाही. पण हेही लिहिते की, शिक्षा झाल्यावर पाळकांच्या खोलीच्या दाराला काच त्यांनीच उभे राहून बसवून घेतली. एकट्या मुलाला कोणत्याही मोठ्या माणसाने बंद खोलीत बोलवायचे नाही, हा नियम त्यांनीच सभेत वाचला. गेल्या जूनमध्ये नातीला वसतिगृहात घालायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शनिवारी अजून येता ना तुम्ही?" मी हो म्हटले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेले. त्या वेळी त्यांच्या मनात काय होते, याचे मला फार कुतूहल आहे. मी मेल्यावर तरी त्यांनी ते कुणाला तरी सांगावे.

५. बँकेतली शिल्लक वसतिगृहासाठी, पण एकाच कामाकरिता. दर आठवड्याला मंडळीबाहेरची एक बाई मुलांना भेटायला यावी. ती पाळकांची, सचिवांची किंवा कमिटीतल्या कुणाची नातलग नसावी. प्रत्येक मुलाला तिचे नाव ठाऊक असावे आणि तिच्याशी बोलल्याने शाळा सुटत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. तिला काही कळले तर तिने कमिटीच्या परवानगीची वाट न बघता पोलिसांत जावे. कमिटीने ही पद्धत बंद केली तर उरलेले पैसे नगरपालिकेच्या दवाखान्याला द्यावेत.

६. माझ्या मातीच्या वेळी उपासना कोणीही घ्यावी. भाषण थोडक्यात करावे. मुलांना उन्हात उभे करू नये.

७. गेल्या पावसाळ्यानंतर ती मुलगी घरी आली होती. आता मोठी बाई झाली आहे. चहा पिता पिता म्हणाली, "बाई, तुम्ही सगळ्यांना खोदून खोदून विचारता. मला पुन्हा कधीच का नाही विचारलंत?"

"तू थांबलीस तिथे मी थांबले."

"आज सांगू?"

मी म्हटले, सांग. पुष्कळ बोलली. मध्ये रडली आणि एकदा मोठ्याने हसलीही. काशी तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही. पाहुणी गेल्यावर तिने कपबश्या उचलल्या, आणि कोण होती, काय म्हणाली, हे आजतागायत विचारलेले नाही. हे घर सहाजणींच्या हाती सोपवायला मला असेच माणूस हवे आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, हे मला आई मानणाऱ्या शेजारच्या लडकूला आधीच सांगितले आहे. तो म्हणाला, "वाटा नको, आवशी, चा दे."

(सही) जानकीबाई दत्तू रणपिसे

साक्षीदार:
(सही) लडकू जोमा तरे, शेजारी, खारबाव
(सही) डॉ. सिराज फकी, भिवंडी

ठिकाण: खारबाव, ता. भिवंडी
दिनांक: ११ फेब्रुवारी १९९६