मृदंगाची पाळी आली आणि मी उठलो

मैलापूर,
मार्गळी महिन्याचा अकरावा दिवस

तीर्थरूप अक्काच्या पायांशी धाकट्या कुंजूचा आठही अंगांनी नमस्कार. (त्यांतलं डावा खांदा हे अंग सध्या आखडलेलं आहे, तेव्हा नमस्कार साडेसात अंगांचाच पोचला असं समज, आशीर्वाद मात्र पुरा दे.) तुझी साखर काय म्हणते? अत्तिंबेरांचा गुडघा कसा आहे? (ते तुझे यजमान असले तरी माझे एकुलते एक मेहुणे आहेत, म्हणून त्यांच्या गुडघ्याची चौकशी मी तुझ्याहून जास्त हक्कानं करतो.) दारातल्या रांगोळीवर यंदाही शेजारच्यांची म्हैस येऊन बसते का? इकडे सर्व ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य सवयीनं लिहून गेलं. ठीक काहीही नाही. लेक शिवकामी, आपली कामू, माझ्याशी बोलत नाही. म्हणजे "अप्पा, सांबार वाढू का?" एवढं बोलते, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत, त्याला वाढणं म्हणतात. चूक माझी आहे. ती इतकी माझी आहे की विशालमनं सुद्धा या खेपेला भांडण न करता नुसतं कपाळावर हात मारून घेतला, आणि तेहतीस वर्षांच्या संसारात मला तिची भीती वाटली ती त्या वेळी.

मुळापासून सांगतो. कामू नऊ वर्षांची असताना आम्ही तिला वीणा शिकायला घातलं होतं हे तुला आठवत असेल. दुसऱ्याच आठवड्यात वीणेच्या बाईंचा निरोप आला की मुलगी तारांना हात लावत नाही, भोपळ्यावर वाजवत बसते. मग मृदंगाचे गुरुजी नटेस वाद्यार यांच्याकडे नेलं. ते मुलींना मृदंग शिकवत नसत. पण ही रोज शाळेतून परस्पर जाऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसायची आणि आतल्या मुलांचा ताल मांडीवर धरायची. तिसऱ्या महिन्यात आतल्या एका मुलाचा ताल चुकला आणि उंबऱ्यावरून हिनं "च्च" केलं. वाद्यार म्हणाले, "आत ये बाई, बाहेर बसून माझी अब्रू घेऊ नकोस." तेव्हापासून आमच्या घरात रवा टिकलेला नाही. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओल्या रव्याचा गोळा थापल्याशिवाय तो घुमत नाही, म्हणून डब्यातला रवा आधी मृदंगाला आणि उरला तर उपम्याला. पंधरा वर्षांत मी याबद्दल कधी तक्रार केली नाही. (केली, पण मोठ्यानं नाही.)

आता माझं सांगतो. मी रसिक आहे. हे मी नाही म्हणत, आमच्या मजल्यावरचा पंचापकेसन (आपला पंजू) म्हणतो, आणि तो दुसऱ्या कोणाबद्दल चांगलं बोलत नाही. पोस्टात नोकरीला लागल्यापासून तीस वर्षं मी मार्गळीतली एक सभा चुकवलेली नाही. गायकानं तोंड उघडल्यावर राग कोणता हे मी शेजारच्याला व्हायोलिनवाल्याच्या आधी सांगतो. (शेजारच्यानं विचारलेलं नसतं.) एकदा एका म्हाताऱ्या गवयाची तोडी ऐकायला तिरुवैय्यारपर्यंत बसनं रात्रभर आपटत गेलो होतो आणि सकाळी कळलं की त्यांचा घसा बसलाय. आणि गाण्याच्या बरोबरीनं, तुझ्यापासून काय लपवायचं, कँटीन. मार्गळीत मैलापूरच्या माणसाला "आज कुठे?" असं विचारलं की तो आधी गायकाचं नाव सांगतो की आधी पदार्थाचं, यावरून त्याचं वय ओळखता येतं. मी अलीकडे पदार्थाचं सांगतो.

तुम्हा कुंभकोणमकरांना एक गोष्ट पटणार नाही, कारण तुमच्याकडे देवळात गाणं होतं आणि देवळातून कोणी उठत नाही. आमच्याकडे मुख्य राग संपत आला, गायकानं हात आवरला आणि मृदंगवाल्याला एकट्याला वाजवायची पाळी आली, म्हणजे तनी सुरू झाली, की निम्मी सभा कँटीनला जाते. असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. (कँटीनच्या रांगेत विचाराला वेळ असतो.) गाण्यात शब्द असतात, शब्दांत देवाचं नाव असतं, आणि देवाच्या नावावरून उठायला माणूस कचरतो. मृदंगात नाव नाही. तिथं नुसता काळ असतो, आणि काळ वाया घालवायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. शिवाय तनीही पंधरा मिनिटांची आणि रांगही पंधरा मिनिटांची. हा मेळ कोणी बसवला ठाऊक नाही, पण बसला आहे खरा. तीस वर्षांत मी एक तनी पुरी ऐकलेली नाही. आणि तीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की परत येऊन, ओठ पुसत, "तनी छान झाली!" असं मी म्हटलं नाही.

माझी खुर्चीही त्याच बेतानं ठरलेली आहे. तिसरी रांग, भिंतीकडून पहिली, कँटीनच्या दाराशी. लोक तिला "कुंजू मामांची खुर्ची" म्हणतात आणि मी त्याला मान समजत होतो.

परवा, नवव्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, कामूला या आमच्या सभेत पहिल्यांदा वाजवायला बसवलं. बाराची वेळ नवशिक्यांची असते, तिकीट नसतं, आणि ऐकणाऱ्यांत गायकाचे नातेवाईक जास्त असतात. मी सगळ्या गल्लीला सांगून आलो होतो. एकूण चोवीस माणसं जमली. (गायकाच्या दोन मावश्या धरून.) गायक पालघाटचा एक काडीसारखा पोरगा होता, पण कांबोजी गायला ती पोट भरून. आणि आपली कामू! अक्का, मी बाप म्हणून सांगत नाही. माझं मन ओळीच्या शेवटी जिथं जाऊन थांबायचं, नेमका तिथं तिचा हात पडायचा. पुढं न जाता, गाणाऱ्याला न ढकलता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा पंजूनं आपलं उपरणं पुढे केलं आणि कुजबुजला, "मामा, नाक नका पुसू हं, नवं आहे." मग गायकानं ओळ सोडली, व्हायोलिनवाल्यानं गज मांडीवर ठेवला, आणि दोघांनी मान वळवून कामूकडे पाहिलं.

आणि मी उठलो.

मी ठरवून उठलो असतो तर निदान स्वतःला शिव्या तरी धड देता आल्या असत्या. आधी पाय उठले, त्यांच्यामागून पोट, आणि मी सगळ्यांत शेवटी. उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं (पंजूचं), आणि दाराबाहेर पडलो. मी उठलो म्हणून माझ्यामागून अकरा जण उठले. पंजूही उठला. विशालम बायकांच्या बाजूला डोळे मिटून बसली होती, तिला पत्ताच नाही. कँटीनमध्ये रांग नव्हती. कँटीनवाल्या वांचीनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर केळफुलाचे दोन वडे ठेवले आणि विचारलं, "मामा, आज तुमच्या मुलीचं होतं ना? कसं झालं?"

मी म्हणालो, "अरे, फारच छान! आता तिची तनी चालू आहे."

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांत शिरलं. पंजूनं वडा पानावर परत ठेवला. पंजूनं खाणं परत ठेवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

धावत दाराशी गेलो तर दारावरचा स्वयंसेवक आडवा झाला. "मामा, तनी चालू असताना बाहेर जाता येतं, आत येता येत नाही. यंदाचा नियम आहे." मी म्हटलं, "अरे, माझी मुलगी आहे आत!" तो म्हणाला, "असेल मामा, पण लोक सारखे ये-जा करतात आणि रसभंग होतो असा अर्ज गेल्या वर्षी तुम्हीच दिला होतात. आणि ते वडे घेऊन तर मुळीच नाही."

दाराच्या उजवीकडे हात धुवायचे नळ आहेत आणि नळांच्या वर जाळीची खिडकी आहे. तिथं उभा राहिलो. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. उजव्या हातानं मांडीवर ताल धरला, डाव्या हातात पान. आणि अशा रीतीनं, तुझ्या भावानं, खरकट्या पाण्यात पाय बुडवून, आयुष्यातली पहिली तनी पुरी ऐकली. सुरुवात तिनं इतकी सावकाश केली की मला वाटलं ती घाबरली. मग कळलं की घाबरली नाही, तिला घाई नाही. चाराचे पाच केले, पाचाचे सात, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता ही चुकली, आणि ती मला बरोबर माझ्या मांडीवर येऊन भेटायची. आणि शेवटाकडे, सगळं जोरात आलेलं असताना, जिथं थाप पडायलाच हवी तिथं ती पडली नाही. एक आख्खी मात्रा रिकामी. माझा हात मांडीवर पडला आणि त्याला सोबत कोणी नव्हतं. पुढच्या मात्रेला ती परत आली आणि सगळं जागच्या जागी नेऊन ठेवलं. अक्का, ती रिकामी जागा म्हणजे तीस वर्षांत मी ऐकलेली सर्वांत सुंदर गोष्ट. भरात आलेलं असताना हात वर धरून ठेवायचं धैर्य या मुलीत आलं कुठून? आपल्या घराण्यात तर कोणाला गप्प बसता येत नाही.

दार उघडलं तेव्हा शेवटचं मंगलम चालू होतं. मी उपरण्याला हात पुसत आत शिरलो आणि कामूनं नेमकं तेव्हाच पाहिलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, "वडा चांगला होता का, अप्पा?" तिच्या आवाजात राग असता तर मी पाय धरले असते. मग तीच म्हणाली, "असू द्या. वाद्यारांनी पहिल्याच वर्षी सांगितलंय, तनीला मान खाली घालून मृदंगाकडे बघायचं. लोकांकडे बघायचं नाही, लोक उठतात." एवढंच. त्या 'लोक' शब्दात मी होतो.

तू म्हणशील, मग खिडकीशी उभा राहून ऐकलं हे तिला सांगत का नाहीस? काय सांगू? "तनी छान झाली" असंच सांगणार ना? हे वाक्य मी न ऐकता तीस वर्षं वापरलं, आणि लहानपणापासून माझं बोट धरून सभेला येणाऱ्या कामूनं ते दर वेळी ऐकलंय. आज ते खरं झालं तर त्याला कोणी विचारत नाही. रोज खोटं बोलणाऱ्यानं खरं बोलायचं कसं, हे मला या वयात शिकायचं आहे आणि शिकवणारा वाद्यार मिळत नाही. फार वाईट वाटतं, अक्का. आणखी काय लिहू?

अत्तिंबेरांना नमस्कार, म्हशीला दुरून.

तुझ्या आशीर्वादाचा (पुऱ्या) भुकेला,
कुंजू

ता. क. : कनू पोंगलला तुमच्या देवळात कामूचं वाजवणं आहे हे तुला कळलंच असेल. त्या दिवशी भावाच्या आयुष्यासाठी तू कावळ्यांना भाताचे गोळे ठेवशीलच, यंदा दोन जास्त ठेव. अत्तिंबेर उत्सव कमिटीत आहेत, त्यांना सांगून तनी संपेपर्यंत कॉफीची टाकी बंद ठेवता येईल का? आणि मला तू आणि अत्तिंबेर यांच्या मधोमध बसव. दोन्ही बाजूंनी उपरण्याला गाठ मार.

ता. क. दुसरा : खरं काम हे. नळाची आणि खिडकीची हकिकत तू तिला सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ता. क. तिसरा : ते वडे मी नंतर खाल्ले. टाकवेनात. बरे होते. पाकीट कामूच्याच हाती देतो आहे, ती पोस्टावरून जाते. डिंक सापडला नाही, ती तिकडे चिकटवील.

प्रिय अत्तै, कामूचा नमस्कार. आयुष्यभर पोस्टात काढलेला माणूस मुलीच्या हाती उघडं पाकीट देतो, आणि डिंकाची भरलेली बाटली त्याच्याच टेबलावर असते. म्हणून वाचलं. पोस्टातल्या बाकावर बसून वाचलं आणि तिथंच रडले. ती मात्रा मी मुद्दाम रिकामी सोडली नव्हती. वाद्यारांचं न ऐकता मान वर केली, अप्पांची खुर्ची रिकामी दिसली आणि हात पडायचा राहिला. वाद्यार समोर होते, त्यांनी पाठ थोपटली. व्हायोलिनवाले काही बोलले नाहीत. कोणाच्या लक्षातच आलं नाही असं मी समजत होते. कॉफी बंद ठेवू नका, ज्यांना उठायचं ते उठू देत. अप्पांना गाठीबिठी मारू नका, फक्त मला दिसतील असे बसवा. ती चूक होती हे त्यांना कधीही सांगू नका. कनूला मी ती जागा पुन्हा सोडणार आहे, या खेपेला मुद्दाम.