आवक क्रमांक नसलेली चिठ्ठी

अप्पा, ऑगस्टचा दुसरा शुक्रवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी तुम्ही तुमच्या टेबलाशी बसला होतात. समोर एक कातकरीण उभी होती, तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती आणि हातात माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. वेळ मला तुमच्या शिपायाने सांगितली. तुम्ही जाऊन आता एकवीस वर्षं झाली. अजूनही तुमच्या श्राद्धाला आलेले लोक मला सांगतात, अप्पांसारखा सरळ माणूस पुरवठा खात्यात पुन्हा झाला नाही. मी त्यांना चहा देते आणि गप्प बसते. आता माझीही नोकरी संपली आहे, तेव्हा गप्प बसायचं कारण उरलेलं नाही.

तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा सांगते, कारण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीत. तुमच्याकडे पेणच्या बाजूचं रेशन, माझ्याकडे रोह्याच्या बाजूच्या अंगणवाड्या. सकाळी एकाच दारातून निघायचो, संध्याकाळी एकाच पातेल्यातला भात खायचो. तुमच्या हद्दीतल्या डोंगराकडच्या वाडीतली कातकरी माणसं दिवाळी झाली की रोह्याकडे वीटभट्ट्यांवर जायची आणि पाऊस तोंडावर आला की परत यायची. हे पेणमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी तुमच्या खात्याने कार्डांची तपासणी लावली ती फेब्रुवारीत. तुमचे लोक वाडीत गेले, झोपड्यांच्या दारांना लावलेले झाप पाहिले, यादीवर 'राहत नाहीत' असा शेरा मारला आणि जेवायच्या वेळेला परत आले. कार्डं रद्द झाली. त्याच फेब्रुवारीत ती माणसं भट्टीवर माझ्यासमोर होती. त्यांची पोरं मी वजनकाट्याच्या झोळीत घालत होते, त्यांना पोषण आहाराची सुकडी देत होते. भट्टीवरच बसून मी यादी केली: कोण, कुठल्या वाडीचं, कार्ड कुठल्या दुकानावर. जूनमध्ये ती माणसं माझ्या हद्दीतून गेली की माझी सुकडी बंद होणार, आणि त्याच दिवशी तुमचं धान्य सुरू व्हायला हवं. दोन योजनांची गाठ मारायला तेवढा एक कागद पुरे होता.

तो कागद मी तुमच्या ताटाशेजारी ठेवला. तुम्ही वालाचं बिरडं भातात कालवत होतात. डाव्या हाताने तुम्ही तो दूर सारलात, डाग पडू नये म्हणून, आणि म्हणालात, "घरात कचेरी आणायची नाय. तुझ्या कार्यालयातून जिल्ह्याला पाठव, तिथून माझ्याकडे येईल." मी म्हटलं, वडखळवरून वळून अलिबागला गेलेला कागद परत यायला महिनेच्या महिने लागतात, आणि आपल्या दोघांच्या पाटांमध्ये हातभर अंतर आहे. तुम्ही हसलात. नन्सनी हिला इंग्रजी शिकवलं, पद्धत शिकवायची राहिली, असं आईला सांगितलंत. त्या शाळेत मला तुम्हीच घातलं होतंत, पाहुणे आले की माझ्याकडून इंग्रजी अर्ज वाचून घेणारेही तुम्हीच. नोकरी लागल्यावर इतर मुलींना वडील साडी घेतात. तुम्ही मला कापडी बांधणीची आवक-जावक वही आणलीत, पहिल्या पानावर रेघासुद्धा आखून दिल्यात. तेव्हा मला त्या वहीचा केवढा अभिमान वाटला होता. आता स्वतःचीच लाज वाटते.

यादी मी रीतसर पाठवली. जून गेला, जुलै गेला. लावणीची कामं संपली की वाडीत चुलीवर ठेवायला काही नसतं, आणि दुकानदार कार्डाशिवाय दाणा देत नाही. ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी ती बाई मला आपल्या कासू स्टेशनवर भेटली. मी रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जाते हे तिला माहीत होतं, म्हणून येऊन उभी राहिली होती. मी गाडी सोडली. भट्टीवर तिची मुलगी माझ्या काट्याला नीट भरली होती. आता मी तिचा दंड धरते आहे आणि माझ्या बोटांत नुसती कातडी येते आहे. बाई म्हणाली, "दुकानवाला म्हनतो तुजा कार्ड मेलाय. आमी मानसा जिती हाव, नि कार्ड कसा मेला गो बाय?" मी पर्समधून कागद काढला, तुम्हाला चार ओळी लिहिल्या, तिला पेणला पाठवलं आणि पुढच्या गाडीने रोह्याला गेले.

तुम्ही चिठ्ठी उघडलीत, अक्षर ओळखलंत, आणि न वाचता पुन्हा घडी घातलीत. "ही माझ्या मुलीची चिठ्ठी आहे, कार्यालयाची नाही. हिच्यावर आवक क्रमांक कुठे आहे?" हे तुम्ही अशा बाईला विचारलंत, जिला स्वतःचं वय सांगता येत नव्हतं. तिला वाटलं, क्रमांक म्हणजे आणायची राहिलेली एखादी वस्तू. म्हणाली, वाडीत कोनाकडं असंल तर घेऊन येते, सायब. आणि निघाली. तुमच्या शिपायाने, मुरूडकडच्या त्या म्हाताऱ्या मुसलमानाने, तिला व्हरांड्यात बसवून आपल्या डब्यातली भाकरी दिली. पुढे तो मला म्हणाला, "ताई, साहेब नेक आदमी आहेत. पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही."

मुलगी पुढच्या बुधवारी गेली. कागदावर कारण ताप असं लागलं.

माझी यादी सप्टेंबरात तुमच्या टेबलावर पोचली, शिक्क्यांसकट. तुम्ही त्या दिवशी जेवायलाही उठला नाहीत. एका दिवसात वाडीची सगळी कार्डं पुन्हा चालू केलीत. रात्री मी तुम्हाला भात वाढत असताना म्हणालात, "बघ, कागद आला की काम होतं." तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मुलगी गेल्याचं मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही ते ऐकलं होतंत. तुम्ही चोर नव्हतात, अप्पा. सरकारी साखरेचा दाणा आपल्या घरात कधी आला नाही. पण तुम्ही लाच घेणारे असतात तर ती मी दिली असती, आणि मुलगी जगली असती. तुमच्या सरळपणाचं मी काय करायचं होतं?

आता माझं. त्या सकाळी आपल्या घरात तांदळाचं पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं. त्या बाईला घरी नेऊन पायलीभर तांदूळ तिच्या पदरात घालावा, हे मला कासूच्या फलाटावर सुचलं होतं. मी तसं केलं नाही. मी तांदूळ दिला असता तर तुम्ही सुटला असतात. मला तुम्हाला वाकवायचं होतं, म्हणून मी उपाशी बाईच्या हातात कागद देऊन तिला तुमच्यावर सोडलं. हे मी आईला सांगितलं नाही, आणि तो शिपाई माझ्याशी बोलला तेव्हा त्यालाही नाही.

माझा खुलासा हा असा आहे, आणि तो कुठेही पाठवण्याजोगा नाही. तुमचा मात्र मला लेखी हवा, सोमवारी संध्याकाळी कचेरी सुटायच्या आत.